कृष्णेची लांबी

पहाटे ५:४०

डिसेंबरातली वाई. ताई ओट्याला टेकून उभ्या आहेत. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन. फोनच्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. गॅसवर मुलाच्या डब्याची भाजी शिजतेय. ताई मराठी विकिपीडियाचं ‘अलीकडील बदल’ हे पान अंगठ्यानं वर सरकवतात. रात्रीत कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, सगळं तिथं ओळीनं दिसतं.

ताईंचं नाव मी लिहिणार नाही. ‘नाव नको, काम बघा,’ असं त्यांनी आधीच सांगितलंय. विकिपीडियावरही त्या टोपणनावानंच लिहितात. बारा वर्षं झाली. त्या प्रचालक नाहीत. म्हणजे कुणावर बंदी घालायचा किंवा एखादं पान सुरक्षित करायचा अधिकार त्यांच्याकडे नाही. शब्द तेवढे आहेत. पगार तिथं लिहिणाऱ्या कुणालाच नसतो.

कृष्णा नदीच्या लेखात रात्री अकरा ते एक या वेळात सहा बदल झालेत. लांबी १,४०० किलोमीटर. मग १,२९०. मग पुन्हा १,४००. दोनच माणसं, तीन-तीन वेळा. प्रत्येक बदलाखाली कारण लिहायला एक ओळ असते. पहिल्यानं लिहिलंय, ‘चुकीची माहिती काढली.’ दुसऱ्यानं, ‘आधी अभ्यास करा.’ त्यावर पहिल्यानं, ‘महाशय, आम्ही नदीकाठचेच आहोत.’

‘महाशय आले,’ ताई म्हणतात. ‘आता भांडण लागलं.’

मराठीत भांडण अरे-तुरेवर आलं की कुणालाही कळतं. पण ते त्याआधीच सुरू झालेलं असतं. ‘तुम्ही’चं ‘आपण’ होतं, ‘आपण’चं ‘आपल्यासारखे विद्वान’ होतं. मान वाढत गेला की समजायचं, राग वाढतोय. हे ताईंनी बारा वर्षांत पाहिलंय.

एकाच माणसानं चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवायचं नाही, असा नियम इंग्रजी विकिपीडियानं २००४ साली केला. हे दोघेही नेमके तीनवर थांबलेत. म्हणजे दोघांनाही नियम माहीत आहे. ताईंना त्यातल्या त्यात तेवढं बरं वाटतं.

त्या काहीच लिहीत नाहीत. वादाचं फोनवर लिहायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलंय. फोनवर बोट घसरतं, वाक्य तुटक होतं, आणि तुटक वाक्य उद्धट वाटतं. भाजी उतरवतात. फोन फ्रिजवर.

सकाळी ९:२०

दुकान तहसील कचेरीपासून चालत पाच मिनिटांवर. दहा बाय बाराचा गाळा, भाडं ४,५०० रुपये. शटर जाम होतं, म्हणून आधी खालच्या पट्टीला दोन लाथा, मग दोन्ही हातांनी वर. दारात पाण्याचा सडा. अगरबत्ती. मग यूपीएस, मग कॉम्प्युटर, शेवटी झेरॉक्स मशीन. हाच क्रम. सगळं एकदम चालू केलं तर फ्यूज उडतो.

दर भिंतीवर लावलेत. झेरॉक्स २ रुपये. मराठी टायपिंग, पानाला ४०. सातबारा ३०. डिजिटल सही असलेल्या सातबाराचे सरकारचे १५ जातात, उरलेल्या पंधरात कागद, शाई, वीज आणि ताई. कागदाचं रिम २८० ला पडतं. टोनर भरायला ३५०. इंटरनेटचे महिन्याला ४९९, करासकट ५८९. विकिपीडियाचं कामही ह्याच ५८९ मधून.

दराच्या पाटीशेजारी शुद्धलेखनाचे अठरा नियम चिकटवलेत. चौदा १९६२ चे, चार १९७२ चे. कागद पिवळा पडलाय. ताई टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर पास झाल्या, मिनिटाला चाळीस शब्दांची. आजही बोटं तशीच पडतात, खालपर्यंत दाबून. कीबोर्डवरच्या निम्म्या कळांवरची अक्षरं पुसून गेलीत. त्यांना ती लागत नाहीत.

सकाळी ९:४५

गिऱ्हाईक यायच्या आत चर्चा पानावर लिहायचं. प्रत्येक लेखाला मागे एक चर्चा पान असतं. लेखात काय असावं, यावर बोलायची ती जागा. लेखात भांडायचं नाही, इथं बोलायचं. माणसं नेमकी हीच पायरी गाळतात.

ताई आधी वहीत लिहितात. शंभर पानी साधी वही, पेन दुकानातलंच. लिहितात:

‘नमस्कार. लांबीचे दोन आकडे दिसत आहेत. दोन्ही कुठून तरी छापील जागेवरून आलेले असणार. तुम्ही दोघांनी ते कुठे वाचले, पान क्रमांकासह इथे सांगाल का? तोपर्यंत कृपया आकडा बदलू नये.’

वही मिटतात. सातबारावाले आलेत. तीन, मग दोन, मग एक म्हातारी जिचा गट क्रमांकच चुकीचा आहे. तो शोधायला दहा मिनिटं जातात, त्याचे पैसे ताई घेत नाहीत. १०:२० ला वही पुन्हा उघडतात आणि मजकूर ओठ हलवत वाचतात.

‘कृपया’ खोडतात. ‘‘कृपया येथे थुंकू नये’ सारखं वाटतं,’ म्हणतात. ‘असणार’चं ‘असावेत’ करतात. शेवटचं वाक्य होतं, ‘तोपर्यंत आकडा आहे तसा ठेवूया.’ त्यातला एकच शब्द महत्त्वाचा आहे. ‘ठेवूया’मध्ये त्या स्वतःही आल्या.

मग टाइप करतात. खाली चार टिल्ड, म्हणजे सही आणि वेळ आपोआप उमटते. लेखात या घडीला कुठला आकडा आहे ते त्या बघतही नाहीत. मी बघतो. १,२९०.

सकाळी ११:३०

आबा आलेत. धोतर, पायात कोल्हापुरी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचं भेंडोळं. साठीच्या पुढचे. तहसीलदारांना अर्ज करायचाय. शेजाऱ्यानं बांध कोरलाय.

‘लिव्हा ताई,’ आबा उभ्यानंच सांगतात. ‘त्यो हरामखोर हाय. त्येच्या बापानं बी हेच केलं. लिव्हा तसंच.’

ताई स्टूल पुढे सरकवतात. ‘बसा आबा. पाणी घ्या.’ तांब्या-भांडं कायम टेबलाखाली असतं. आबा बसतात. पाणी पितात. मग ताई विचारतात, बांध किती होता, किती उरला. कधी कोरला. कोणी बघितलं. मोजणी झाली होती का, कुठल्या साली. आबा एकेक सांगतात. आवाज खाली येतो. दोन फुटांचा बांध वीतभर राहिलाय. मागच्या मेमध्ये ट्रॅक्टर लावला तेव्हाचं आहे. गड्यानं बघितलं.

ताई टाइप करतात. ‘सामनेवाले यांनी माहे मे मध्ये ट्रॅक्टरने नांगरट करताना सामाईक बांध कोरला असून…’ आबा पडद्याकडे बघत असतात. वाचता येतं, सावकाश.

‘हरामखोर कुटं हाय?’

‘ते लिहिलं तर साहेब बांध बघायचं सोडून त्यावरच बोलत बसतील. वीतभर राहिला हे वाचलं की त्यांना कळतं.’

आबा विचार करतात. ‘बापाचं?’

‘बापानं कोरल्याचा कागद आहे का?’

नाही. मग ते जातं. दीड पान होतं. ताई ६० रुपये सांगतात, आबा पन्नास देतात, ताई घेतात. जाताना आबा अर्ज पुन्हा एकदा उभ्यानं वाचतात आणि घडी न घालता पिशवीत सरळ ठेवतात.

मी हे बघायला आलो नव्हतो. मी विकिपीडियाचं काम बघायला आलो होतो. पण त्या पाऊण तासात ताईंचे हात जे करत होते, तेच त्यांनी सकाळी वहीत केलं होतं. फरक तांब्याचा. चर्चा पानावर माणसाला बसवता येत नाही, पाणी देता येत नाही. आवाज खाली आला की नाही ते ऐकू येत नाही. सगळं वाक्यातूनच करावं लागतं.

दुपारी १:४०

डबा. भाकरी, घेवडा, लसणाची चटणी. शटर अर्धं खाली.

वाईत बसून ज्ञानकोशाचं काम करायचं, हे मला पुण्याहून येतानाच डोक्यात होतं. इथंच गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा. ताईंच्या सासऱ्यांनी काही खंड हप्त्याहप्त्यानं घेतले होते, ते घरात कपाटावर आहेत. तिथं मतभेद झाला असेल तर माणसं एका टेबलाशी बसली असतील, शेवटी संपादकांनी ठरवलं असेल, आणि छापलं गेलं. इथं शेवटचा शब्द कुणाचाच नाही. जो काल खोडून गेला तो आज रात्री पुन्हा येऊ शकतो. म्हणून कुणाला हरवून चालत नाही. हरलेला माणूस परत येतो तो रागानंच, किंवा येतच नाही.

‘न येणं जास्त वाईट,’ ताई म्हणतात.

दुपारी २:१५

ही वेळ रिकामी. ताई उजव्या मनगटाला पट्टा बांधतात. डॉक्टरांनी टायपिंग कमी करा म्हटलंय. ते होणार नाही, म्हणून पट्टा.

वहीच्या शेवटच्या पानावर एक सदस्यनाव लिहिलंय. एकच. मी विचारतो. ताई जरा वेळ बोलत नाहीत.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणी तरी नवीन होता, बहुधा तरुण. स्वतःच्या गावच्या यात्रेबद्दल लिहिलं. पालखी कुठून निघते, मानाची काठी कुणाची, कुठल्या झाडाखाली पहिला विसावा. संदर्भ एकही नाही. शुद्धलेखन विचारू नका. ताईंनी सगळं उलटवलं आणि त्याच्या पानावर लिहिलं, ‘हे ज्ञानकोशीय लेखन नाही. नियम वाचून मग लिहा.’

‘त्या दिवशी दहा उत्पात उलटवले होते. कुणी शिव्या लिहिलेल्या, कुणी अख्खं पान पुसलेलं. त्याच हातानं हेही उलटवलं.’

त्यानं एकूण तीन बदल केले होते. चौथा कधीच आला नाही. ताई अधूनमधून त्याची योगदानं उघडून बघतात. तीनच दिसतात. त्यांचं वाक्य बरोबर होतं. नियमही तेच सांगतो. मी तसं म्हणतो.

‘बरोबर होतं,’ ताई म्हणतात. ‘पण यात्रेची माहिती आता कुठेच नाही. त्याच्याकडे होती. संदर्भ मी शोधून दिला असता. अर्धा तास लागला असता.’

तेव्हापासून वही आहे. तोपर्यंत त्या थेट टाइप करायच्या.

दुपारी ३:३०

‘अलीकडील बदल’मध्ये एक विचित्र गोष्ट. कुठल्याशा डोंगराच्या लेखात ‘दऱ्या’ हा शब्द कुणी बदललाय, दुसऱ्यानं परत उलटवलाय. आम्ही दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघतो. फरक दिसत नाही. शब्द पिवळा झालाय, म्हणजे काही तरी बदललंय. पण इकडेही ‘दऱ्या’, तिकडेही ‘दऱ्या’.

ताईंना कळतं. डीटीपीवाल्यांचं हे जुनं दुखणं. हा ऱ्य कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि पुढे जोडणारं एक न दिसणारं चिन्ह. कागदावर, पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधायला गेलं की मात्र एक सापडतो, दुसरा नाही.

म्हणजे एक जण मनापासून दुरुस्ती करतोय. दुसऱ्याला वाटतंय, हा काहीही न बदलता उगाच आपल्या लेखाला हात लावतोय. ‘खोडसाळपणा’ असं कारण त्यानं लिहिलंय. बदलाची संख्या वाढवायला करतोय, असंही.

ताई दोघांच्याही चर्चा पानांवर तोच मजकूर टाकतात. पाच ओळी. दोन्ही ऱ्य, त्यांचे घटक सुटे करून. कोण चुकलं त्याचा उल्लेखच नाही. मला वाटतं, हे दिवसातलं सगळ्यात सुरेख काम. दोन माणसं एकाच शब्दाकडे बघत होती आणि दोघांनाही समोरचा वाईट वाटत होता.

वीस मिनिटांत एकाचं उत्तर येतं. ‘हे माहीत नव्हतं. आभारी आहे.’ दुसरा काही लिहीत नाही. पण ‘दऱ्या’ पुन्हा उलटवत नाही.

सगळंच इतकं लवकर निवळत नाही. गावांची बदललेली नावं, जाती, महापुरुषांच्या जन्मतारखा, ही पानं सतत तापलेली. तिथं ताई रविवारी जातात, दुकान बंद असतं तेव्हा. तिथलं एकेक वाक्य आठवडाभर चालतं.

संध्याकाळी ५:१०

गर्दी. बारावीचे फॉर्म, आधारच्या झेरॉक्स, दोन लॅमिनेशन. मशीन तापलंय. त्यातच कृष्णेच्या चर्चा पानावर दोन्ही उत्तरं आलीत.

१,४०० लिहिणाऱ्यानं केंद्रीय जल आयोगाचा आधार दिलाय. महाबळेश्वरजवळ सुमारे १,३३७ मीटर उंचीवर उगम, तिथून बंगालच्या उपसागरापर्यंत १,४०० किलोमीटर. १,२९० लिहिणाऱ्यानं ब्रिटानिका दिलाय. तिथं खरंच तेवढीच आहे, ८०० मैल. पण त्यापुढे त्यानं ताईंवर एक परिच्छेद खर्च केलाय. मध्ये पडायला तुम्हाला कुणी सांगितलं. मराठी विकिपीडिया काही लोकांची जहागीर झालाय. आपल्यासारख्या जुन्या जाणत्या मंडळींमुळेच नवे टिकत नाहीत.

शेवटचं वाक्य वाचताना ताईंचा हात माउसवर थांबतो. वहीचं शेवटचं पान त्या लिहिणाऱ्याला माहीत नाही.

त्या खिडकी बंद करतात. पासपोर्ट फोटो कापायला घेतात. कात्री लहान, धार चांगली. आठ फोटो, चार उभ्या रेघा. कापताना त्यांचा श्वास ऐकू येतो.

मुलगा क्लासला जाताना दुकानात डोकावतो. ताई त्याच्या दप्तरातून नकाशासंग्रह काढून घेतात. शिवणाचा दोरा घेतात. भारताच्या लहान नकाशावर महाबळेश्वरपासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंत कृष्णेवरून दोरा ठेवतात, बोटानं दाबत दाबत, वळणावळणानं. मग भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या मोठ्या नकाशावर तेवढीच नदी. दोन्ही मापं त्या त्या नकाशाच्या प्रमाणानं गुणतात. मोठ्या नकाशावर नदी लांब भरते. लहान नकाशात बारीक वळणं सरळ होऊन गेलेली असतात.

‘हे लिहा की तिथं,’ मी म्हणतो.

‘नाही. आपण मोजलेलं चालत नाही. छापलेलं लागतं.’ दोरा गुंडाळून ड्रॉवरमध्ये. ‘मला माझ्यापुरतं बघायचं होतं, दोघं खरे असू शकतात का.’

रात्री ७:४०

वहीत पहिला मसुदा. तो ताई मला वाचून दाखवतात. त्यात जहागिरीला उत्तर आहे, बारा वर्षांचा हिशेब आहे, मनगटाचा पट्टासुद्धा आहे. वाचून झाल्यावर पानावर आडवी रेघ मारतात. दुसरा मसुदा:

‘दोघांनीही संदर्भ दिले, त्यामुळे काम सोपे झाले. दोन्ही तपासले, दोन्ही बरोबर उतरवले आहेत. लेखात असे लिहिले तर कसे वाटेल: केंद्रीय जल आयोगानुसार नदीची लांबी १,४०० किलोमिटर आहे, ब्रिटानिका ज्ञानकोशात ती १,२९० किलोमिटर दिली आहे. नव्यांबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला पटते. त्यात माझीही चूक आहे.’

‘शेवटची दोन वाक्यं राहू द्यायची?’ मी विचारतो.

‘खरी आहेत ना.’

टाइप होतं. चार टिल्ड.

रात्री ८:२०

गल्ला. नोटा आणि चिल्लर वेगळी. १,३१० रुपये, त्यातले सातबाराचे सरकारकडे गेलेले वजा करायचे. उधारी ९०. वीस रुपयांची एक नोट फाटकी, ती उद्या दूधवाल्याला. मी माझ्या कागदावर आणखी एक बेरीज केली होती. चर्चा पानांवर ताईंनी आज लिहिलेलं दोन पानं तरी भरेल. त्यांच्या दरानं ८० रुपये. वेळ मोजला तर अडीच तासांच्या वर. मी तो कागद दाखवला नाही.

शटर खाली ओढायला जोर लागत नाही, ते आपल्या वजनानं येतं. कुलपं दोन. घाटाच्या बाजूनं गार वारा येतोय. नदी इथून दोनशे पावलांवर आहे.

रात्री १०:५०

जेवणं झालीत. ताई पलंगाच्या कडेवर बसल्यात, पट्टा काढून मनगटाला तेल चोळतायत. फोन मांडीवर.

लेखात त्यांचं वाक्य लागलंय. १,४०० वाल्यानं लावलं. त्यावर पंधरा मिनिटांनी १,२९० वाल्याचा बदल दिसतो. ताई तेल लागलेल्या बोटानं तो उघडतात. मीही वाकून बघतो.

आकडे दोन्ही जागेवर आहेत. त्यानं फक्त ‘किलोमिटर’चं ‘किलोमीटर’ केलंय. दोन्ही ठिकाणी. कारणाच्या ओळीत लिहिलंय, ‘शुद्धलेखन’.

ताई दोनदा वाचतात. ‘मी दिवसभर अठरा नियमांखाली बसते,’ म्हणतात, आणि त्या बदलाशेजारची आभाराची कळ दाबतात.

मग फोन चार्जिंगला लावून उठतात. उद्याचा घेवडा भिजत घालायचा राहिलाय.